कुरुक्षेत्राच्या आकाशातली बांगडी

आज आपण ग्रहणाविषयी बोलणार आहोत, आणि तेही एका ठरावीक ग्रहणाविषयी. २१ जून २०२० ला, ज्येष्ठ अमावस्येच्या रविवारी, भर दुपारी हरियाणातल्या कुरुक्षेत्रावर सूर्याची बांगडी झाली होती. बांगडी हा शब्द आम्ही कौतुकानं वापरलेला नाही. पंचांगातच या ग्रहणाला कंकणाकृती म्हणतात, आणि कंकण म्हणजे आपल्या हातातलंच ते. सूर्याचा मधला भाग काळा, आणि भोवती उजेडाची गोल कड. बस, एवढंच.

गटाच्या बैठकीत ग्रहणाचा विषय निघाला की पहिला प्रश्न येतो तो गरोदर बाईचा. तिनं काय चिरायचं नाही, कुठं बसायचं नाही, काय खायचं नाही. दुसरा प्रश्न पाण्याचा, भरलेला हंडा ओतायचा की तुळशीचं पान टाकून ठेवायचा. ग्रहणात आकाशात काय दिसतं, हे मात्र सहसा कुणी विचारत नाही. कारण बघायचं असतं हेच ठाऊक नसतं. ग्रहण म्हणजे दार लावून आत बसणं, असंच आपण लहानपणापासून पाहिलेलं. म्हणून आजच्या बोलण्यासाठी आम्ही मुद्दाम असं गाव निवडलं, जिथं शेकडो वर्षं ग्रहण म्हणजे घराबाहेर पडायचा दिवस आहे.

कुरुक्षेत्र दिल्लीच्या उत्तरेला साधारण दीडशे-पावणेदोनशे किलोमीटरवर आहे. भारतीय युद्ध झालं ते हे ठिकाण, असं आपण कीर्तनात ऐकतो. जवळ ज्योतिसर आहे, तिथं श्रीकृष्णानं अर्जुनाला गीता सांगितली असं मानतात. त्याला लागूनच ठाणेसर हे जुनं शहर, म्हणजे पूर्वीचं स्थानेश्वर. सम्राट हर्षवर्धनाचं घराणं मूळचं इथलं, आणि सातव्या शतकात चिनी यात्रेकरू युआन श्वांग इथं येऊन गेला. गावात ब्रह्मसरोवर आणि सन्निहित सरोवर अशी दोन मोठी तीर्थं आहेत. ब्रह्मसरोवर इतकं मोठं की पलीकडच्या काठावरचा माणूस ओळखू येत नाही. चारही बाजूंनी पायऱ्या, ओवऱ्या, मधे पूल. सूर्यग्रहणाच्या दिवशी इथं स्नान करायला देशभरातून माणसं येतात, आणि त्यात बायका मोठ्या संख्येनं असतात.

ही रीत किती जुनी, तर भागवतात तिची कथा आहे. दशम स्कंधात सांगितलंय की मोठं सूर्यग्रहण येणार हे आधी कळल्यामुळे ठिकठिकाणची माणसं कुरुक्षेत्री जमली. द्वारकेहून यादव आले, त्यांच्यासोबत वसुदेव, देवकी, रोहिणी. गोकुळाहून नंद, यशोदा, गवळणी. हस्तिनापूरकडून कुंती आणि द्रौपदी. स्नान झालं, दान झालं, आणि मग भेटीगाठी सुरू झाल्या. आम्हांला या कथेतला हा भाग फार मोलाचा वाटतो. कुंतीनं भावाला, वसुदेवाला, तोंडावर विचारलं, माझ्यावर एवढी संकटं आली, तुम्हांला माझी आठवण कशी झाली नाही? माहेरावर रुसलेली बहीण ही अशी पुराणातही आहे. देवकी आणि रोहिणी यशोदेला मिठी मारून म्हणाल्या, आमची लेकरं तुम्ही वाढवलीत, हे ऋण कसं फिटणार. जन्म देणारी आणि वाढवणारी अशा दोघी समोरासमोर आल्या त्या ग्रहणाच्या दिवशी. द्रौपदी तर कृष्णाच्या राण्यांना एकेक करून विचारत बसली, तुमचं लग्न कसं जमलं ते सांगा. प्रत्येकीनं सांगितलं. म्हणजे ग्रहणाच्या निमित्तानं बायांचा मेळावाच भरला म्हणायचा.

कथा खरी की रचलेली, हा आजचा विषय नाही. ज्यांनी ती लिहिली त्यांच्या डोळ्यांसमोर ग्रहणाचं चित्र कसं होतं, एवढंच आपल्याला पाहायचं. ते चित्र कोंडलेल्या बाईचं नव्हतं.

आपल्या मराठी मुलखाचाही या गावाशी एक दुखरा संबंध आहे. १७६० च्या ऑक्टोबरात सदाशिवरावभाऊंनी कुंजपुरा जिंकलं आणि फौज कुरुक्षेत्राच्या यात्रेला निघाली. सोबत भाऊंच्या पत्नी पार्वतीबाई होत्या, आणि तीर्थयात्रा घडेल म्हणून आलेल्या कितीतरी बायका होत्या. अब्दाली बागपताजवळ यमुना उतरल्याची खबर आली आणि सगळे मागं वळले. पुढं पानिपत झालं. कुरुक्षेत्र तिथून फार लांब नाही. त्या बायकांची यात्रा राहूनच गेली.

आता आकाशाकडे वळू. बांगडी होते कशी?

घरी करून बघता येईल असा एक प्रयोग सांगतो. जेवायचं एक ताट भिंतीला टेकवून उभं करा आणि सात-आठ पावलं मागं जा. एक डोळा मिटा. हातात रुपयाचं नाणं घेऊन डोळ्याच्या अगदी जवळ, वीतभरावर धरा. ताट पूर्ण झाकलं जाईल. आता हात हळूहळू लांब न्या. हात सरळ झाला की नाण्याच्या भोवतीनं ताटाची कड दिसू लागेल. ताट तेच, नाणं तेच, फक्त नाणं लांब गेलं. ताटाच्या जागी सूर्य, नाण्याच्या जागी चंद्र आणि तुमच्या डोळ्याच्या जागी पृथ्वी ठेवा, की कंकणाकृती ग्रहण समजलं.

सूर्य चंद्रापेक्षा सुमारे ४०० पट रुंद आहे. पण तो आपल्यापासून सुमारे ४०० पट लांबही आहे. म्हणून आकाशात दोघं जवळजवळ सारख्याच आकाराचे दिसतात. हा केवळ योगायोग आहे. चंद्र पृथ्वीभोवती अगदी गोल रस्त्यानं फिरत नाही, थोड्या लांबट रस्त्यानं फिरतो. कधी तो साधारण ३ लाख ६० हजार किलोमीटरवर असतो, कधी ४ लाख ५ हजारांवर. जवळ असताना सूर्यापुढे आला तर सूर्य पूर्ण झाकतो, ते खग्रास ग्रहण. लांब असताना आला तर कडेनं सूर्य उरतो, ती बांगडी.

मग दर अमावस्येला ग्रहण का होत नाही, असं कुणीतरी विचारणारच, आणि विचारायलाच हवं. अमावस्येला चंद्र सूर्याच्या बाजूला असतो हे खरं, पण त्याचा रस्ता सूर्याच्या रस्त्याला थोडा तिरका आहे, साधारण पाच अंशांनी. म्हणून बहुतेक अमावस्यांना तो सूर्याच्या थोडा वरून किंवा खालून निघून जातो. दोघांचे रस्ते फक्त दोन ठिकाणी एकमेकांना कापतात. आपल्या ज्योतिषगणितात त्या दोन जागांना नावं आहेत, राहू आणि केतू. अमावस्या त्या चौकाजवळ पडली तरच ग्रहण. सूर्याला गिळणारे म्हणून आपण ज्यांना भ्यायलो, ते गणितात रस्त्यांचे चौक आहेत.

हे कुणी परदेशातून येऊन शिकवलेलं नाही. आर्यभटानं इ. स. ४९९ च्या सुमारास आपल्या ग्रंथात लिहून ठेवलं की सूर्याला चंद्र झाकतो आणि चंद्राला पृथ्वीची सावली झाकते. पुढं सोळाव्या शतकात आपल्या कोकणातल्या, मुरुडजवळच्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी ‘ग्रहलाघव’ नावाचा ग्रंथ लिहिला. त्यात आकडेमोड इतकी सोपी करून दिली होती की पुढची कित्येक शतकं महाराष्ट्रातली पंचांगं त्याच्यावर चालली. ग्रहण कुठल्या घटकेला लागणार आणि कधी सुटणार, हे काढण्याची रीतही त्यात आहे. ज्यानं ग्रहणाची वेळ मांडली, त्याला ते सावलीचं गणित आहे हे ठाऊकच होतं. राक्षस काही वेळापत्रकानं येत नाही.

आता कुरुक्षेत्रावर त्या दिवशी काय झालं ते पाहू. २१ जून हा वर्षातला सगळ्यात मोठा दिवस. कुरुक्षेत्रात त्या दिवशी दुपारी बाराच्या पुढंमागं सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, माणसाची सावली पायाशी गोळा होते. ग्रहण सकाळी साडेदहाच्या आधीच लागलं होतं. सूर्याच्या एका बाजूला बारीक चावा घेतल्यासारखी खाच पडली आणि ती वाढत गेली. पहिला तासभर उजेडात काहीच फरक जाणवत नाही. अर्धा सूर्य झाकला तरी रस्त्यानं जाणाऱ्याला कळत नाही, हे ऐकून पुष्कळ जणींना नवल वाटतं. नंतर मात्र ऊन फिकं पडू लागतं. संध्याकाळचं ऊन तांबूस असतं, हे तसं नसतं. जणू दिव्याची वात कमी केली आहे, असा निस्तेज पांढरा उजेड. कडेची सावली एका बाजूला अगदी रेखीव दिसते. हवेतला उष्मा थोडा उतरतो. झाडाखाली पाहिलं तर जमिनीवर उजेडाच्या शेकडो चंद्रकोरी पसरलेल्या.

मग बाराच्या सुमारास चंद्र सूर्याच्या बरोबर मधोमध आला. सूर्याचा जवळजवळ ९९ टक्के भाग झाकला गेला आणि उरली ती कड. ही बांगडी फार नाजूक होती. आदल्या वर्षी, २६ डिसेंबर २०१९ ला, तामिळनाडू, केरळात कोइमतूर, उटी, मदुराईकडे जे कंकणाकृती ग्रहण दिसलं, त्यात चंद्र जास्त लहान दिसत होता, म्हणून कड रुंद होती. ती पाटली म्हणा आणि कुरुक्षेत्राची ही काचेची बारीक बांगडी. टिकली किती? अर्ध्या मिनिटाच्या आतबाहेर. पाटली मात्र तीन मिनिटांच्या आसपास राहिली होती.

बांगडी जुळताना आणि सुटताना एक गंमत होते. चंद्राची कड वाटते तशी गुळगुळीत नाही, तिच्यावर डोंगर आहेत, दऱ्या आहेत. दऱ्यांतून उजेड आधी डोकावतो, डोंगरापाशी अडतो. त्यामुळे ती बारीक कड सलग न दिसता क्षणभर मण्यांची सर ओवल्यासारखी दिसते.

आणि हे सगळं फक्त वीस-तीस किलोमीटर रुंदीच्या पट्ट्यातून. त्या पट्ट्यात राजस्थानातलं सूरतगड होतं, हरियाणातलं सिरसा आणि कुरुक्षेत्र, पुढं उत्तराखंडात डेहराडून आणि जोशीमठ. दिल्लीत सूर्य सुमारे ९४ टक्के झाकला गेला, पण बांगडी नाही, कोरच दिसली. मुंबईत सुमारे ६२ टक्के. आपल्या बहुतेक गावांवर तेव्हा पावसाचे ढग होते, बऱ्याच घरांत ते ग्रहण टीव्हीवरच पाहिलं गेलं.

एरवी अशा ग्रहणाला कुरुक्षेत्रात पाय ठेवायला जागा राहिली नसती. पण ते वर्ष कोरोनाचं. मेळा भरला नाही, बाहेरच्या यात्रेकरूंना येऊ दिलं नाही. मोजक्या साधूंनी आणि पुरोहितांनी विधी केले. ब्रह्मसरोवराच्या एवढ्या पायऱ्या रिकाम्या, आणि वर आकाशात बांगडी. ज्या गावात ग्रहणाला माणसं यायची, तिथं नेमकी त्याच दिवशी माणसं नव्हती. भागवतातल्या त्या भेटींची आठवण आली की हे चित्र अजून डोळ्यांसमोर येतं.

याच गावात ग्रहणाची आणखी एक आठवण सांगतात, ती गुरू नानकांची. शिखांच्या जन्मसाख्यांत अशी कथा आहे की गुरू नानक सूर्यग्रहणाच्या मेळ्यात कुरुक्षेत्राला आले, आणि सगळ्यांच्या चुली थंड असताना त्यांनी चूल पेटवून अन्न शिजवलं, तेही हरणाचं मांस. लोक चिडून जमले. मग वाद झाला, चर्चा झाली. त्या आठवणीचा गुरुद्वारा आजही तिथं आहे. म्हणजे एकाच सरोवराच्या काठी उपास करणारेही होते, शिजवणारेही होते, आणि दोघांनाही गावानं जागा दिली.

आता आपल्या घरात येऊ, कारण खरा प्रश्न तिथंच आहे.

सूर्यग्रहणाचे वेध चार प्रहर आधी लागतात असं पंचांग सांगतं. चार प्रहर म्हणजे बारा तास. त्यात ग्रहणाचे तीन-साडेतीन तास धरा. सातव्या-आठव्या महिन्यातली एखादी सून हे सगळं पाळायला लागली तर तिच्या पोटात पंधरा तास अन्न नाही, पाणी नाही, आणि वर एका जागी हलायचं नाही. जून महिन्यात, उकाड्यात. चक्कर येते, लघवी कमी होते, पोट दुखू लागतं. ग्रहणानं तिला काही होत नाही, पण या उपासानं होऊ शकतं. आणि गंमत अशी की पंचांग काढून नीट वाचलं तर त्यातच बाल, वृद्ध, आजारी आणि गर्भवतींसाठी वेध कमी केलेले असतात. ती ओळ घरात कुणी मोठ्यानं वाचत नाही, एवढंच. पुढच्या वेळी तुम्ही वाचा. सासूबाईंशी वाद घालण्यापेक्षा पंचांगाचं पान पुढं करणं सोपं जातं, हा आमचा अनुभव.

बाळाचा ओठ दुभंगलेला निघतो तो आईनं ग्रहणात काही चिरल्यामुळे, ही समजूत आपल्याकडे फार खोल आहे. ज्या आईचं बाळ असं जन्मतं, तिला आयुष्यभर ऐकावं लागतं की तूच कापलं असशील काहीतरी. बाळाचा ओठ पोटात जुळतो तो गरोदरपणाच्या पहिल्या दोन-अडीच महिन्यांत. तो जुळला नाही तर त्यामागं आनुवंशिक कारणं असतात, काही औषधं, तंबाखू, पोषणातली कमतरता असते. विळीचा त्याच्याशी संबंध नाही. सूर्यापुढे चंद्र आला म्हणून सूर्यातून काही वेगळा किरण निघत नाही. जो उजेड रोज अंगणात पडतो तोच पडतो, फक्त कमी पडतो. आशाताई फॉलिक ॲसिडच्या गोळ्या देतात त्या सुरुवातीपासून वेळेवर घेणं, तंबाखू-मिश्रीपासून लांब राहणं, हे बाळासाठी करण्यासारखं आहे. आणि ओठ दुभंगलेलाच निघाला तर शस्त्रक्रियेनं तो नीट करता येतो. त्या आईला दोष देण्याआधी हे सांगा.

पाण्याचंही तसंच. ज्या गावात टँकर येतो तिथं भरलेले हंडे ओतून देताना कुणाचं तरी काळीज हललं पाहिजे. झाकून ठेवलेलं पाणी ग्रहणानं खराब होत नाही. शिजवलेलं अन्न उन्हाळ्यात आठ-दहा तासांनी आंबतं, ते ग्रहण नसतानाही आंबतं. ज्या काळी रात्रीचं अन्न टिकवायची सोय नव्हती, तेव्हा शिळं टाकून ताजं शिजवा म्हणणं समजू शकतं. तुळशीपत्र ठेवायचं असेल तर ठेवा, आमची ना नाही. पाणी मात्र ओतू नका.

मुसळाबद्दलही बोललं पाहिजे, नाहीतर कुणीतरी नक्की विचारेल. परातीत पाणी घालून मुसळ उभं करतात आणि ते पडत नाही, म्हणजे ग्रहण लागलं, सुटलं की आपोआप पडतं. मैत्रिणींनो, मुसळाचं बूड सपाट असेल आणि हात स्थिर असेल तर ते कुठल्याही मंगळवारी उभं राहतं. एकदा साध्या दिवशी करून बघा. पोरांना दाखवा.

ग्रहण सुटल्यावर ‘दे दान’ अशी हाळी देत दारोदार फिरणारी माणसं जुन्या बायकांना आठवत असतील. ठरावीक जातींच्या माथी ते मारलेलं होतं, त्यांच्या पदरी टाकलेलं अन्न आणि जुनी लुगडी हीच त्यांची ग्रहणाची कमाई. अनेकांनी ते मागणं सोडलं, ते बरं झालं. दान द्यायचं तर कुणाला हात पसरायला न लावताही देता येतं.

हे सगळं सांगितलं ते घाबरू नका म्हणून. पण एका गोष्टीला मात्र नक्की घाबरायचं, आणि ती म्हणजे उघड्या डोळ्यांनी सूर्याकडे पाहणं. इथं आम्ही कडक बोलणार आहोत.

कंकणाकृती ग्रहणात सूर्य कधीच पूर्ण झाकला जात नाही. कुरुक्षेत्रात दोन टक्क्यांहून कमी सूर्य उरला होता, तरी तेवढा उजेड हजारो पौर्णिमांच्या चंद्रांइतका होता. म्हणून खग्रासमध्ये पडतो तसा अंधार यात पडत नाही, आणि बांगडी दिसते तेव्हाही चष्म्याशिवाय पाहायचं नाही. एक क्षणही नाही. फसगत अशी होते की ऊन फिकं झाल्यामुळे डोळे दिपत नाहीत, पाहवतं, म्हणून माणूस पाहत राहतो. आणि डोळ्याच्या आतल्या पडद्याला भाजल्याची वेदना कळत नाही. हात तव्याला लागला तर आपण झटकतो, डोळा झटकत नाही. काही तासांनी समोर मधोमध काळा डाग दिसू लागतो, अक्षरं वेडीवाकडी दिसतात. तसं झालं तर घरगुती थेंब न घालता डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं.

काजळी धरलेली काच, एक्स-रेची फिल्म, साधा गॉगल, दोन गॉगल एकावर एक, यातलं काहीही चालत नाही. परातीतल्या शेणाच्या किंवा हळदीच्या पाण्यात सूर्याचं प्रतिबिंब पाहायची रीत आपल्याकडे आहे. तीही सुरक्षित नाही, पाणी उजेड पुरेसा कमी करत नाही. ग्रहणाचा खास चष्मा मिळतो, त्यावर आयएसओ १२३१२-२ असं छापलेलं असतं. तो लावून घरातला दिवा पाहिला तर काहीच दिसता कामा नये, दिसला तर तो चष्मा टाकून द्या. चरे पडलेला, दुमडलेला चष्मा वापरायचा नाही. वेल्डिंगवाल्याकडची काच चालते, पण ती १४ नंबरचीच हवी.

चष्मा नसेल तरी ग्रहण बघता येतं, आणि आम्हांला विचाराल तर ते जास्त मजेचं आहे, कारण सगळ्यांना एकदम दिसतं. सूर्याकडे पाठ करून उभ्या राहा. जाड पुठ्ठ्याला दाभणानं एक बारीक भोक पाडा आणि त्यातून पडणारा उजेड दुसऱ्या पांढऱ्या कागदावर घ्या. तो जो ठिपका पडतो, तो सूर्याचं चित्र असतो. दोन्हींमधलं अंतर हातभर असेल तर चित्र वाटाण्याएवढं पडतं. अंतर वाढवा, चित्र मोठं होतं आणि फिकं होतं. पुठ्ठ्याऐवजी झारा धरला तर जमिनीवर एकदम वीस-पंचवीस कोरी पडतात. झाडाखालच्या चंद्रकोरी त्याच, तिथं पानांमधल्या फटी झाऱ्याचं काम करतात. झाडाखालचे रोजचे गोल ठिपकेही सूर्याचीच चित्रं असतात, फक्त आपण कधी विचार केलेला नसतो.

याहून मोठं चित्र हवं असेल तर हातातला आरसा घ्या. त्यावर कागद चिकटवा आणि कागदाला नखाएवढं भोक ठेवा. उन्हातून तो कवडसा समाजमंदिराच्या किंवा शाळेच्या अंधाऱ्या खोलीतल्या भिंतीवर पाडा. भिंत दहा मीटरवर असेल तर सूर्य पुरीएवढा मोठा दिसतो. आत पन्नास जणी बसून पाहू शकतात, गरोदर असतील त्याही, सावलीत, पाण्याचा तांब्या शेजारी ठेवून. आरसा एकीनं स्थिर धरायचा किंवा विटांच्या आधारानं ठेवायचा, आणि कुणीही आरशात किंवा त्या कवडशाच्या वाटेत डोळा घालायचा नाही. लहान मुलांवर एकीला लक्ष ठेवायला सांगा.

आता तारखा लिहून घ्या. २ ऑगस्ट २०२७ ला, सोमवारी, आषाढ अमावस्येला सूर्यग्रहण आहे. इजिप्तमध्ये लक्सर या प्राचीन शहरात ते खग्रास दिसेल, आपल्याकडे दुपारनंतर खंडग्रास, म्हणजे सूर्याचा एक भाग झाकलेला. पावसाळा आहे, ढगांचा भरवसा नाही, तरी आरसा तयार ठेवा. बांगडी पाहायची असेल तर २१ मे २०३१ ची वाट पाहावी लागेल. ती दक्षिणेत, केरळ आणि तामिळनाडूत, मदुराईकडे दिसेल, आणि आपल्याला कोर. मे महिना आहे, आकाश मोकळं असण्याची आशा जास्त, शाळेलाही सुट्टी. ज्यांच्या गटाची सहल दरवर्षी निघते, त्यांनी त्या वर्षीची सहल मदुराईला न्यायला काय हरकत आहे? मीनाक्षीचं देऊळ ग्रहणाच्या वेळात बंद असेल, दर्शन आदल्या दिवशी करून घ्या.